ज्ञानाचे मुक्तद्वार : महाराज सयाजीराव गायकवाड

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांच्या ठिकाणी पहिली वाचनालये निघाली. इंग्रज अंमलदार आणि गावातील विद्याव्यासंगी गृहस्थ यांनी एकत्र येऊन ती स्थापिली, वर्गणी भरणाऱ्यांनी ती चालविली आणि वर्गणी भरणाऱ्यांनीच ती वापरली. बेळगाव-निपाणी परिसरातील वाचनपरंपराही याच वळणाने वाढली. या संस्थांनी केलेल्या कार्याचे मोल मोठे आहे, यात संशय नाही. परंतु एक प्रश्न त्यांच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ तिष्ठत राहिला. ज्याच्यापाशी वर्गणीचे पैसे नाहीत, ज्याचे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून दहा कोस दूर आहे, किंवा ज्याची जात पाहून दार लोटले जाते, त्या वाचकाचे काय? या प्रश्नाला भारतात सर्वप्रथम राज्यव्यापी उत्तर देण्याचा प्रयत्न ज्या पुरुषाने केला, ते बडोद्याचे अधिपती महाराज सयाजीराव गायकवाड होत. त्यांची राजधानी या सीमाभागापासून फार दूर. परंतु त्यांच्या कार्याचा एक धागा थेट निपाणीच्या भूमीपर्यंत येऊन पोहोचतो. शताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे म्हणूनच उचित ठरावे.

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे या खेड्यात १८६३ साली त्यांचा जन्म झाला. गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील हे कुटुंब शेती करून राहत होते. बडोद्याचे मल्हारराव महाराज १८७५ साली पदच्युत झाले, तेव्हा दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी दत्तक घेण्यासाठी या शाखेतील मुलांना बोलावून घेतले आणि त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळरावाची निवड केली. गादीवर बसलेल्या या मुलाला त्या दिवशी लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळखीपासून त्याच्या शिक्षणास प्रारंभ झाला. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या मार्गदर्शनाखाली तो मराठी, गुजराती, इंग्रजी आणि राज्यकारभार शिकला. १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सर्व सूत्रे त्याच्या हाती आली.

बारा वर्षांपर्यंत निरक्षर राहिलेल्या मुलाला अक्षराची किंमत जशी कळते, तशी ती जन्मतः पुस्तकांत वाढलेल्याला क्वचितच कळते. सयाजीरावांच्या पुढील साऱ्या धोरणाचे मूळ या अनुभवात असावे, असे त्यांचे चरित्र पाहता वाटते. त्यांनी राजधानीसाठी आजवा येथे तलाव बांधवून शहरात नळाचे पाणी आणले, रेल्वेचे फाटे वाढविले, सार्वजनिक उद्यान उभारले, १८९० साली कलाभवन सुरू केले आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन करविली. या सर्व उद्योगांत एक समान सूत्र होते. जी सोय प्रत्येक घराने स्वतंत्रपणे करावयाची म्हटल्यास गरिबाला कधीच परवडणार नाही, ती सर्वांनी मिळून एकदाच करावी आणि मग ती सर्वांना वापरू द्यावी, हे ते सूत्र.

शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी हेच सूत्र लावले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू करण्यात आला. ब्रिटिश हिंदुस्थानात या विषयाची चर्चाही नीटशी सुरू झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मात्र लवकरच एक अडचण ध्यानात आली. शाळेत चार इयत्ता शिकलेला मुलगा नांगरामागे गेला, की काही वर्षांत अक्षरे विसरून जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, मग शिकलेले टिकावे कसे? शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यावयाचा नसेल, तर शाळेच्या पुढची पायरी म्हणून गावोगावी वाचनालय हवे, या निष्कर्षाप्रत महाराज आले.

या विचाराला दोन बाजूंनी बळ मिळाले. राज्यातच मोतीभाई अमीन नावाचे एक ध्येयवादी शिक्षक मित्रमंडळांच्या द्वारा गावोगावी लहान वाचनालये काढीत होते. दुसरे बळ परदेशातून आले. १९०६ सालच्या अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. अँड्र्यू कार्नेगी यांनी त्या काळी अनेक नगरांना ग्रंथालयाच्या इमारतींसाठी देणग्या दिल्या होत्या. मात्र वार्षिक खर्च त्या नगराने कररूपाने उचलावा, अशी त्यांची अट असे. कामगार, स्त्रिया आणि मुले कोणतीही वर्गणी न भरता आत येतात, स्वतःच्या हाताने कपाटातून पुस्तक काढतात आणि घरी नेतात, हे दृश्य महाराजांच्या मनात ठसले. १९१० साली ते पुन्हा अमेरिकेस गेले, तेव्हा न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यास येण्याचे निमंत्रण दिले. त्या वर्षाच्या अखेरीपासून १९१३ पर्यंत बॉर्डन बडोद्यात राहिले आणि त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खात्याची घडी बसवून दिली.

मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ महाराजांनी स्वतःपासून केला. राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह त्यांनी या ग्रंथालयाला देऊन टाकला. राजाचे पुस्तक प्रजेच्या हाती गेले, ही घटना केवळ औदार्याची नव्हती. मालकीची कल्पनाच त्यामुळे बदलली. तेथे वर्गणी घेतली जात नसे. कपाटे वाचकाला खुली होती. स्त्रियांसाठी आणि बालकांसाठी स्वतंत्र विभाग होते, वर्तमानपत्रांसाठी वेगळी खोली होती. बॉर्डन यांनी अमेरिकेतील दोन प्रचलित पद्धतींचा मेळ घालून ग्रंथवर्गीकरणाची नवी पद्धत आखली आणि १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. या देशातील अशा प्रकारचा तो पहिला वर्ग मानला जातो. १९१२ पासून ग्रंथालयविषयक एक नियतकालिकही इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत निघू लागले.

तथापि राजधानीतील भव्य ग्रंथालय हे या योजनेचे वैशिष्ट्य नव्हे. अशी ग्रंथालये इतरत्रही होती. वैशिष्ट्य होते ते खेड्यापर्यंत पोहोचणाऱ्या जाळ्याचे आणि त्याच्या खर्चाच्या वाटणीचे. एखाद्या गावाने वाचनालयासाठी ठरावीक रक्कम जमविली, की तितकीच रक्कम पंचायतीने द्यावयाची आणि तितकीच सरकारने. खेड्यासाठी या वार्षिक साहाय्याची मर्यादा शंभर रुपये, लहान शहरासाठी तीनशे आणि प्रांताच्या मुख्य शहरासाठी सातशे रुपये होती. इमारत बांधावयाची झाल्यासही तीन वाट्यांचा हाच नियम. याचा अर्थ असा, की वाचनालय वाचकाला मोफत होते, पण कोणाचे उपकार म्हणून नव्हे. गावाने आपला तिसरा हिस्सा घातलेला असल्यामुळे ते गावाचे होते. सरकारचा हिस्सा असल्यामुळे ते गावातील एखाद्या धनिकाच्या लहरीवर अवलंबून नव्हते. पंचायतीचा हिस्सा असल्यामुळे त्याची विचारपूस जवळच्या जवळ होई. एकाने हात आखडला, तरी उरलेल्या दोघांना जाब विचारण्याचा अधिकार राही. योजनेचे खरे चातुर्य येथे होते.

जेथे वाचनालय काढण्याइतकीही वस्ती नव्हती, तेथे फिरती ग्रंथालये जात. पंधरा ते तीस पुस्तके मावतील अशा मजबूत लाकडी पेट्या तयार केलेल्या असत. मागणी आली की पेटी रेल्वेने रवाना होई, वाहतुकीचा खर्च खाते सोसत असे, आणि गावातील शिक्षक किंवा एखादा विश्वासू गृहस्थ पुस्तके वाटून पुन्हा गोळा करी. वाचन झाले की पेटी परत येई आणि दुसऱ्या गावाला निघे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी चित्रे आणि जादूच्या कंदिलाचे खेळ दाखविणारी एक वेगळी शाखा होती. राज्यातील शेकडो गावे या ना त्या रीतीने या जाळ्यात आली. बॉर्डन मायदेशी परतल्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम निष्ठेने चालविले. परदेशी तज्ज्ञ निघून गेल्यावर योजना कोलमडावी, हा नेहमीचा अनुभव बडोद्यास आला नाही, याचे श्रेय त्या तीन वाट्यांना द्यावे लागेल.

सीमाभागातील वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट या योजनेत होती. सयाजीराव मराठी भाषक राजे होते आणि त्यांची बहुसंख्य प्रजा गुजराती होती. मराठी ग्रंथांच्या प्रकाशनाला त्यांनी सढळ आश्रय दिला. देशी भाषांत ग्रंथ व्हावेत म्हणून दोन लक्ष रुपयांचा निधी बाजूला काढला. त्यातूनच सयाजी साहित्यमालेसारखे उपक्रम निघाले. तथापि राज्याचा कारभार त्यांनी गुजरातीत चालविला आणि खेड्यांतील वाचनालयांत गुजराती पुस्तके भरली. वाचनालय वाचकाच्या भाषेत असावे, राजाच्या नव्हे, हे तत्त्व त्यांनी न बोलता आचरणात आणले. ज्या प्रदेशात दोन भाषा शेजारीशेजारी नांदतात आणि कधी कधी एकमेकींशी भांडतात, तेथे या आचरणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सयाजीरावांनी १८८२ च्या सुमारास अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक पुढे येईनात. मुसलमान शिक्षक नेमून त्या चालवाव्या लागल्या. राजाज्ञा निघाली तरी समाजाचे मन तिच्यामागून चालतेच असे नाही, याचा तो पहिला अनुभव. त्याहून दाहक अनुभव पुढे यावयाचा होता.

१९१३ साली महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर बडोदे संस्थानाची दहा वर्षे सेवा करावी, असा करार होता. त्यानुसार १९१७ साली आंबेडकर बडोद्यास आले आणि नोकरीवर रुजू झाले. पण राहण्यासाठी त्यांना शहरात जागा मिळेना. एकही हिंदू खाणावळ त्यांना घेईना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला जाण्याच्या तयारीत होते. आदल्या रात्री ग्रंथालयातून वाचावयास आणलेली पुस्तके परत करण्यासाठी ते हातात घेत होते, तोच जिन्यावर अनेक पावलांचा आवाज झाला. काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दाराशी येऊन उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची तंबी त्यांना मिळाली. दोन परिचितांची दारे त्यांनी ठोठावली. दोघांनीही असमर्थता दर्शविली. दरबाराकडूनही त्यांच्या निवाऱ्याची व्यवस्था होऊ शकली नाही. कामाठी बागेत काही तास अश्रू ढाळीत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

या प्रसंगातील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. त्या दिवशी आंबेडकरांना ज्यांचा आधार मिळाला, त्या तीन गोष्टी म्हणजे ग्रंथालय, सार्वजनिक बाग आणि रेल्वे. तिन्ही सार्वजनिक होत्या. जी दारे मिटली, ती सर्व खासगी होती. सर्वांसाठी उभारलेल्या सोयीचे महत्त्व याहून स्पष्ट करणारे उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि अशा सोयीची मर्यादाही याच उदाहरणात दिसते. राजाने पुस्तकाची वाट मोकळी केली, पण पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला रात्री पाठ टेकण्यापुरती जागा त्याच्या राजधानीत मिळाली नाही. वाट बांधणे राज्याच्या हाती असते. वाटसरूला वाटसरू मानणे लोकांच्या हाती असते.

हा धागा निपाणीस येऊन मिळतो तो येथे. मुंबई कायदे मंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या अथवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात असल्याने हा ठराव या भागालाही लागू होता. पुढील वर्षी आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहांबरोबरच वाचनालये काढणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक होते. आणि एप्रिल १९२५ मध्ये निपाणी येथे मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला आणि बडोद्यानेच निवारा नाकारलेला तो विद्वान, तंबाखूच्या पेठेच्या या गावी, हक्क मागण्यासाठी जमलेल्या लोकांपुढे उभा राहिला. दोन वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याचा मुद्दाही हाच होता. तळे सर्वांचे असे कागदावर लिहून भागत नाही. पाण्यात ओंजळ बुडविता आली पाहिजे.

सयाजीराव १९३२ साली कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निमित्ताने निपाणीच्या अगदी शेजारी त्यांचे पाऊल लागले. राज्यातील देवळे सर्व हिंदूंना खुली करण्याची पावलेही त्यांनी याच सुमारास उचलली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने ग्रंथालयांच्या विकासाचा विचार करण्यासाठी फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. या देशातील तो पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी परिसर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याने १९६५ साली केलेल्या कायद्यात ग्रंथालयासाठी मालमत्ता करावर उपकर बसविण्यात आला. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, तेव्हा उपकर न ठेवता लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. सीमेच्या दोन बाजूंना असलेल्या या दोन पद्धतींत बडोद्याच्या तीन वाट्यांपैकी एकेका वाट्यावर भर दिलेला दिसतो. एकीकडे सरकारची जबाबदारी ठळक आहे, दुसरीकडे लोकांचा पुढाकार. दोहोंचा समतोल साधण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.

आज ग्रंथपेटीची जागा तारांच्या आणि लहरींच्या जाळ्याने घेतली आहे. इंटरनेट हे जाळे कोणा एकाच्या मालकीचे नाही. १९८३ साली त्याच्या मूळ जाळ्याने स्वीकारलेले सामाईक नियम कोणालाही वापरता येतात, म्हणूनच ते जगभर पसरू शकले. वेब या सुविधेचे तंत्र युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने १९९३ साली कोणतेही शुल्क न घेता सर्वांना खुले केले. भारतात ही सेवा जनतेला १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. पुढे काही निवडक संकेतस्थळे तेवढी फुकट दाखवावीत आणि बाकीच्यांसाठी पैसे घ्यावेत, अशा योजना निघाल्या, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरागणिक वेगवेगळा दर आकारण्यास मनाई केली. या निर्णयामागील विचार सयाजीरावांच्या वाचकाला नवा वाटला नसता. फुकट आणि मुक्त हे एक नव्हे. कपाटातील दहाच पुस्तके फुकट देऊन बाकीच्यांना कुलूप लावणारे वाचनालय मुक्तद्वार म्हणता येत नाही. वाट सामाईक हवी, तिचा खर्च वाटून घेतलेला हवा, आणि त्या वाटेने कोठे जावयाचे ते चालणाऱ्याने ठरवावयाचे.

शताब्दी पाहिलेल्या वाचनालयाला सयाजीरावांच्या चरित्रातून घेण्यासारखे हेच आहे. त्यांच्यापाशी राज्याचा खजिना होता, म्हणून त्यांना हे जमले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांनी खजिन्यावर भिस्त ठेवली नाही. गावाकडे तिसरा हिस्सा मागितला. सभासदांची वर्गणी आणि आश्रयदात्यांची देणगी हा या संस्थेतील तोच तिसरा हिस्सा होय. तो देणाऱ्याने केवळ आपल्यासाठी पुस्तक मिळविलेले नसते. ज्याला वर्गणी परवडत नाही, ज्याची भाषा वेगळी आहे, ज्याच्या घरी आजवर कोणी वाचले नाही, अशा अनोळखी वाचकासाठीही त्याने एक दार उघडे ठेवलेले असते. बडोद्याच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके हातात घेऊन १९१७ साली एक वाचक दाराशी उभा होता. तसा वाचक कोणत्याही संध्याकाळी याही वाचनालयाची पायरी चढून येऊ शकतो. त्याला आत घेण्यासाठी येथे जागा असली पाहिजे.